सव्वीस अंशांचा फरक

५ डिसेंबर
सकाळी आठला खोलीत २१.४ अंश.

निवृत्त होऊन आज पस्तीस दिवस झाले. औषधांच्या कारखान्यात चौतीस वर्षं मी एकच काम केलं. तापमापक, वजनकाटे, दाबाची घड्याळं, जे म्हणून आकडा दाखवतं ते खरा आकडा दाखवतं का, हे तपासायचं. खोटं दाखवत असेल तर सुधारायचं आणि 'तपासले' असा छापील पिवळा कागद चिकटवून त्यावर तारीख आणि सही करायची. निरोपाच्या दिवशी सहकाऱ्यांनी ही डायरी दिली आणि माझा तपासणीचा तापमापक पेटीसकट भेट दिला. पिवळ्या कागदांचं एक पुडकं मी न विचारता घरी आणलं, हे इथे कबूल करून टाकतो.

पस्तीस दिवसांत घरातलं सगळं तपासून झालं. भिंतीवरचं घड्याळ चौदा सेकंद पुढे होतं, ते बरोबर लावलं. न्हाणीघरातला काटा माणसाला साडेतीनशे ग्रॅम हलकं दाखवतो. तो सुधारायला घेतला तेव्हा बायको म्हणाली, त्याला हात लावलात तर बघा. तेव्हापासून करण्यासारखं काही उरलेलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

आजची बातमी मात्र मोठी आहे. कोपऱ्यावरच्या वाचनालयाच्या बाई आल्या होत्या. वर्षअखेरच्या सुट्टीत त्या सभासदांसाठी काही ना काही ठेवतात. यंदा त्यांना हिचा संत्र्याचा केक हवाय. म्हणजे तयार केक नकोय, हिने शिकवायला हवंय. सहा जणी, सत्तावीस तारखेला, आमच्याच स्वयंपाकघरात. ही तीनदा म्हणाली, मी कसली शिकवतेय, आणि चौथ्यांदा हो म्हणाली. बाई गेल्यावर दार लावताना गुणगुणत होती.

बावीस वर्षं ही दर सुट्टीत तो केक करते. लेकीला एक, हिच्या ताईंना एक, इमारतीत सात घरांना सात. कृती कुठेही लिहिलेली नाही. माप म्हणजे कान तुटलेला निळा कप. तापमान म्हणजे ओव्हनच्या बटणावर नखाच्या रंगाने दिलेला लाल ठिपका. ठिपक्यावर ठेवायचं आणि चाळीस मिनिटं थांबायचं, एवढंच हिचं शास्त्र. बोटाच्या पेराएवढी खमंग तपकिरी कड असते त्या केकला, आणि त्या कडेवरून आमच्या घरात भांडणं झालेली आहेत.


६ डिसेंबर
२१.१ अंश.

ही ताईंकडे गेली होती. मला एकट्याला घर मिळालं आणि एकदम लक्षात आलं की ओव्हन तपासायचा राहिलाय.

तपासला, आणि कपाळाला हात लावला. नोंद करून ठेवतो, सवय आहे. सापडला तेव्हा: बटण लाल ठिपक्यावर, आकडा १८०, प्रत्यक्ष तापमान २०६. फरक अधिक २६. असलं यंत्र आमच्या कारखान्यात अर्धा दिवससुद्धा टिकलं नसतं. बिचारी बावीस वर्षं या खोटारड्यावर केक भाजतेय.

बटण उपसलं, मागचा बारका स्क्रू दोनदा फिरवला, पुन्हा तापवून पाहिलं. दुरुस्तीनंतर: १८०.५. ओव्हन थोडा पुढे ओढून डाव्या अंगाला पिवळा कागद लावला, तारीख टाकली, सही केली. छत्तीस दिवसांत इतकं छान वाटलं नव्हतं.

हिला सांगायचं नाही असं ठरवलंय. आता केक असा होईल की ही स्वतःच चकित होईल. मग सत्तावीस तारखेला सहा जणींच्या देखत मी गुपित फोडीन.


८ डिसेंबर
२१.६ अंश.

सरावाचा पहिला केक. चाळीस मिनिटांनी हिने बाहेर काढला तेव्हा छान फुगलेला होता. ओट्यावर ठेवला, आणि आमच्या डोळ्यांदेखत मधोमध खाली बसला.

ही म्हणाली, अंडी थंड होती. असेल. वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर एकटेच राहतात. दिवसभर लोकांना गोड खाऊ नका म्हणून सांगणारा हा गृहस्थ आमच्याकडून वास आला की जिना उतरतो. त्यांनी तो केक चमच्याने खाल्ला आणि पुडिंग उत्तम झालंय म्हणाले. ही हसली.


९ डिसेंबर
बिस्किटं केली. चवीला ठीक, पण पांढरीफटक. ही बराच वेळ ताटाकडे बघत उभी होती.


११ डिसेंबर
२०.९ अंश.

दुसरा केक. आत कच्चा, सुरी घातली तर ओली बाहेर आली. कड जवळजवळ नाहीच. हिने ओव्हनच्या काचेला हात लावून पाहिला आणि मला विचारलं, "अहो, हा नीट तापतोय ना?"

ही अंघोळीला गेल्यावर मी तापमापक आत ठेवून पाहिला. १८०.३. म्हणजे ओव्हन निर्दोष आहे. तसं तिला खात्रीने सांगितलं, ओव्हन अगदी बिनचूक आहे, त्याची काळजी सोड. दुरुस्तीचा विषय काढला नाही. तिचे केक बिघडत असताना आपण श्रेय मागणं बरं दिसत नाही. पण मनातल्या मनात म्हटलं, बरं झालं वेळेवर सुधारला. त्या सव्वीस अंशांत या केकांचं काय झालं असतं कोण जाणे.

ओव्हन सुटला, तेव्हा संशय निळ्या कपावर. पाणी भरून मोजलं. कपात दोनशे चाळीस मिलिलिटर मावायला हवं, यात मावतं दोनशे बारा. हिला दाखवलं. ही म्हणाली, हो का, आणि कप धुऊन मागे ठेवला.


१४ डिसेंबर
२१.० अंश.

दोघं ताईंकडे गेलो. ताई म्हणजे हिची मोठी बहीण. आईमागे हिला त्यांनीच वाढवलं. तीन वर्षांपासून त्यांना माणसं आठवत नाहीत. मुलगा आणि सून फार मायेने सांभाळतात. आज त्यांनी मला नळ दुरुस्त करणारा समजून, नळ अजून गळतोय अशी तक्रार केली. मी मोरीत जाऊन पाहिलं, तर खरंच गळत होता. घट्ट करून आलो.

हिने त्यातल्या त्यात बरा झालेला केक नेला होता. ताईंनी एक घास घेतला, बराच वेळ चावला आणि विचारलं, "कड कुठंय?"

ही म्हणाली, या वेळी जरा कमी भाजला गेला. ताईंनी बशी बाजूला सारली. "आमच्या धाकटीचा नाही हा."

"ताई, मीच धाकटी. मीच केलाय."

"नाही," ताई म्हणाल्या, आणि खिडकीकडे तोंड करून बसल्या.

परत येताना बसमध्ये ही केकचा डबा मांडीवर धरून बसली होती. मी समजूत घातली की ताईंचं काय मनावर घेतेस, त्यांना बिचाऱ्यांना आता काय कळतंय. त्यावर ही म्हणाली, "तिचं कुठून सुरू झालं, आठवतं? स्वयंपाकापासून. आधी हाताची चव गेली, मग बाकीचं."

मी म्हटलं, हो, आठवतं. मग खिडकीबाहेर बघत राहिलो.


१६ डिसेंबर
२१.३ अंश.

आमच्याकडे आता शिस्त आली आहे. मी कारखान्यातल्यासारखा एक तक्ता केला. मैदा किती ग्रॅम, साखर किती ग्रॅम, संत्र्याचा रस किती. डिजिटल काटा आणला. पूर्वी ही फोन खांद्याला लावून गप्पा मारता मारता पीठ कालवायची, भांड्याकडे बघायचीसुद्धा नाही. आता तक्ता समोर ठेवून, प्रत्येक ओळ बोटाने दाखवत काम करते. केक मात्र पुन्हा बसला. पण पद्धत योग्य आहे, निकाल येईलच.

हिला हल्ली एक छंद लागलाय. जुने फोन नंबर पाठ म्हणते. माहेरचा, माझ्या पहिल्या ऑफिसचा, बंद पडलेल्या दुकानांचे. सकाळी मला म्हणाली, मी म्हणते, तुम्ही बरोबर का ते सांगा. मला त्यातला एकही आठवत नव्हता. सगळे बरोबर असं सांगून टाकलं, तर रागावली.

कॅलेंडरवर २ जानेवारीला नुसता एक गोल काढलेला आहे. विचारलं तर म्हणाली, चष्म्याचं आहे.


१७ डिसेंबर
लेकीचा फोन. ती आणि जावई चोवीसला येतायत. मला हळू आवाजात म्हणाली, बाबा, आई ठीक आहे ना? परवा तिने माझ्या शाळेतल्या सगळ्या बाईंची नावं इयत्तेप्रमाणे म्हणून दाखवली आणि एखादी चुकली का ते विचारलं. मी सांगितलं, अगं छंद आहे तो, फोन नंबरांचा पण आहे.


१९ डिसेंबर
२०.८ अंश.

आज इतिहास घडला. मी केक केला.

ही बाजारात गेली होती. वाचनालयातून बेकिंगचं पुस्तक आणलंय, ते उघडलं आणि ओळ न् ओळ पाळली. १८० अंश, पंचावन्न मिनिटं. आयुष्यात चहाखेरीज काही न केलेल्या माणसाने पहिल्याच फटक्यात असा केक काढला की मी स्वतः दोन पावलं मागे सरकून बघितलं. वर फुगलेला, मधे शिजलेला, सगळीकडून एकसारखा बदामी. डॉक्टर तीन तुकडे खाऊन गेले आणि म्हणाले, घरात स्पर्धा सुरू झाली म्हणायची.

ही आल्यावर मी झाकण उचलून दाखवला. हिने सगळीकडून पाहिला, बोटाने दाबला, एक तुकडा खाल्ला. विचारलं, "याच ओव्हनमध्ये केला?" मी म्हटलं, दुसरा आहे कुठे आपल्याकडे. "छान झालाय," म्हणाली. डोळे भरून आले होते तिचे. नवऱ्याचं कौतुक एवढं वाटेल असं मला वाटलं नव्हतं. मग डोकं दुखतंय म्हणून जाऊन पडली.

मला आज फार आनंद झालाय. उद्या अक्रोडाचा करून पाहावा म्हणतो.


२० डिसेंबर
कपाटाच्या दाराला आतून हिने एक कागद लावलाय. इमारतीतल्या प्रत्येक मजल्यावरच्या माणसांची यादी, मुलांच्या वयांसकट. केकच्या वाटपाची तयारी दिसतेय. म्हणजे उत्साह परत आला. अक्रोडाचा केकही छान झाला.


२२ डिसेंबर
तापमान सकाळी पाहिलं होतं, आठवत नाही.

आजचं नीट, क्रमाने लिहितो.

सकाळी हिने वाचनालयाच्या बाईंना फोन केला. मनगट दुखतंय, शिकवायला जमणार नाही, माफ करा. मी पलीकडेच होतो. मनगट बरं आहे, हे मला माहीत होतं. फोन ठेवून ही म्हणाली, ओव्हन आपण लेकीला देऊन टाकू, परवा गाडी घेऊन येतेच आहे ती. मी म्हटलं, अगं पण का? तर म्हणाली, मला आता नको. तुम्हाला हवा असेल तर ठेवा, तुम्हाला जमतंय. आवाज अगदी शांत होता. मला तो शांतपणा आवडला नाही.

देण्याआधी पुसून घ्यावा म्हणून मी ओव्हन खणातून पूर्ण बाहेर ओढला. डाव्या अंगाला माझा पिवळा कागद. तपासले. ६ डिसेंबर. माझी सही.

तारखेकडे बघत राहिलो. मग खोलीतून ही डायरी आणली आणि तिथेच फरशीवर बसून सहा तारखेचं पान वाचलं. मग आठचं. मग अकराचं, चौदाचं, सोळाचं, एकोणिसाचं. हे सगळं एकाच माणसाने लिहिलंय आणि त्याला काही म्हणजे काही कळलेलं नाही, यावर माझा विश्वास बसेना. फोन नंबर. बाईंची नावं. मजल्यांची यादी. २ जानेवारीचा गोल.

 चौतीस वर्षांत एवढी भीती वाटली नव्हती.

ही बाहेरच्या खोलीत संत्री वेगळी काढत होती, कुणाला तरी देऊन टाकण्यासाठी. मी समोर जाऊन उभा राहिलो आणि सांगून टाकलं. की तू ताईंकडे गेली होतीस त्या दिवशी मी ओव्हन सुधारला. तो सव्वीस अंश जास्त तापायचा. तुझा हात, तुझा ठिपका, तुझी चाळीस मिनिटं, सगळं त्या सव्वीस अंशांवर बसलेलं होतं. ते मी काढून घेतले आणि तुला सांगितलं नाही.

हिने मान वर केली. हातातलं संत्रं तसंच होतं.

"किती?"

"सव्वीस."

"आणि तुमचा केक?"

"पुस्तकातला होता. पुस्तक खऱ्या १८० साठी लिहिलेलं असतं, म्हणून पंचावन्न मिनिटं."

हिने संत्रं खाली ठेवलं. मग अगदी हळू म्हणाली, "म्हणजे मी विसरले नाही?"

"तू काहीही विसरलेली नाहीस."

"मला वाटलं, ताईसारखं झालं."

तो गोल चष्म्याचा नव्हता. विसरण्याच्या आजाराच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती हिने, एकटीने जाऊन. पंधरा दिवस रोज उठून आधी वार आठवायचा, मग तारीख, मग आम्हा सगळ्यांची नावं. शेजारी मी झोपलेलो असायचो. मी हिच्या पायाशी बसलो आणि रडलो. हीही रडली, आणि रडता रडता हसायला लागली, आणि एकदा हसू आलं ते थांबेना. पदराने डोळे पुसत म्हणाली, "पंधरा दिवस मी वरच्या डॉक्टरांना चमच्याने केक खायला घातला, आणि तुम्ही ग्रॅम मोजत बसलात?"

मग एकदम उठली. "तो परत बिघडवा. आत्ता."


२२ डिसेंबर, दुपार

चालू असलेलं यंत्र मुद्दाम चुकीचं करायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. बटण काढलं, स्क्रू उलटा फिरवला, तापवला. एकतीस अंश जास्त. पुन्हा फिरवला, बावीस. मी म्हटलं, एवढं चालेल बहुतेक. ही ओव्हनसमोर स्टुलावर हाताची घडी घालून बसली होती. "सव्वीस म्हणजे सव्वीस," म्हणाली. चौथ्या खेपेला २०६ आला. आकडा सहा तारखेला लिहून ठेवला होता म्हणून बरं. नाहीतर तो कायमचा गेला असता, आणि त्याच्याबरोबर काय काय गेलं असतं, त्याचा विचार नको.

हिने तक्ता फाडला. काटा माझ्या हातात दिला आणि न्हाणीघरात ठेवून या म्हणाली. निळा कप काढला, लेकीला फोन लावला, फोन खांद्याला धरून पीठ कालवलं. लेकीला माझा सगळा पराक्रम सांगत होती, भांड्याकडे एकदाही पाहिलं नाही. ठिपका, चाळीस मिनिटं. मी तापमापक आत ठेवू का विचारलं, तर नुसतं बघितलं माझ्याकडे.

अडतिसाव्या मिनिटाला डॉक्टरांनी बेल वाजवली. चाळिसाव्या मिनिटाला केक बाहेर आला. उंच, भेगाळलेला, आणि कड तशीच, बोटाच्या पेराएवढी. कोपऱ्याचा तुकडा हिने स्वतःच्या तोंडात घातला आणि डोळे मिटून घेतले. डॉक्टरांनी विचारलं, पुडिंग नाही वाटतं आज?

मग हिने वाचनालयात फोन केला. मनगट बरं झालं म्हणून सांगितलं.


२४ डिसेंबर
२०.५ अंश.

लेक आणि जावई आले. लेक आल्याआल्या मला म्हणाली, बाबा, घरात आणखी कशाकशाला हात लावलात ते आत्ताच सांगा. मी प्रामाणिकपणे घड्याळाचं सांगितलं. घड्याळ परत चौदा सेकंद पुढे करायची शिक्षा झाली.

दोन तारखेला आम्ही दोघं त्या डॉक्टरांकडे जाणारच आहोत. ही म्हणते, वेळ घेतलीय तर एकदा डोकं तपासून घेते, आणि तुमचंही घेऊ.


२७ डिसेंबर
२४.९ अंश, स्वयंपाकघरात नऊ माणसं.

सहा जणी आल्या, शिवाय वाचनालयाच्या बाई. कुणी ओट्याला टेकून, कुणी पाटासारख्या उलट्या ठेवलेल्या डब्यावर. बँकेत काम करणाऱ्या एकीने वहीत रकाने पाडून आणले होते. तिने पहिलाच प्रश्न विचारला, तापमान किती ठेवायचं. मी कोपऱ्यात उभा होतो, माझे कान टवकारले.

ही म्हणाली, "आकडा मी सांगणार नाही. प्रत्येकीचा ओव्हन वेगळा असतो. तीनचार केक करा, कुठे ठेवल्यावर तुम्हाला हवा तसा होतो ते बघा आणि तिथे ठिपका द्या. आणि रोज चांगला होणारा केक एक दिवस एकाएकी बिघडला, तर आधी स्वतःला दोष देऊ नका. घरात विचारा, ओव्हनला कुणी हात लावला."

सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. हिने आधीच घातलेल्या अटीप्रमाणे मला पुढे येऊन सगळं सांगावं लागलं, पुडिंगसकट. इतकं हसणं मी आजवर कुठल्या बैठकीत ऐकलं नव्हतं. बँकेतल्या बाईंनी वही मिटून टाकली आणि बाह्या सरसावल्या.

ही शिकवताना मी प्रथमच पाहिली. संत्र्याची साल किसताना कुठे थांबायचं, पीठ चमच्यावरून कसं पडलं म्हणजे झालं, हे सगळं ती दुसरीच्या हातावर आपला हात ठेवून दाखवत होती. कुठल्याही यंत्राने मोजता येणार नाही अशी कितीतरी मापं तिच्याजवळ आहेत. बावीस वर्षं मी ती नुसती खात आलो.

जाताना सहाही जणींनी नखाचा लाल रंग कुठल्या दुकानात मिळतो ते विचारलं.

सगळे गेल्यावर हिने एक पिवळा कागद मागितला. मी सांगितलं तसं लिहा म्हणाली. लिहिलं: फरक अधिक २६ अंश. माहीत आहे. सुधारू नये. तारीख मी टाकली. सही तिने केली. तो कागद डाव्या अंगाला न लावता दर्शनी भागावर, दाराच्या वर लावलाय, म्हणजे मला रोज दिसेल.


३१ डिसेंबर

सातही घरांना केक पोचले. आठवा घेऊन आम्ही ताईंकडे गेलो.

ताई खिडकीपाशी बसलेल्या होत्या. आज मला त्यांनी ओळखलं नाही आणि नळाचंही काही काढलं नाही. हिलाही ओळखलं नाही. कोण तुम्ही, असं अगदी आदराने विचारलं. हिने केकचा डबा उघडला. कोपऱ्याचा तुकडा कापून बशीत ठेवला आणि समोर धरला.

ताईंनी आधी कड मोडली. ती सावकाश खाल्ली. मग हिच्याकडे न बघता, जणू शेजारणीला सांगावं तसं म्हणाल्या, "आमच्या धाकटीचा आहे. तिला सांगा, कड थोडी जास्त ठेव. माझ्यासाठी."

"सांगते," ही म्हणाली.

ताईंनी पूर्ण तुकडा संपवला आणि दुसरा मागितला. ही त्यांचा हात धरून बसून राहिली. मी सुनेबरोबर मोरीत जाऊन नळ बघून आलो. कोरडा होता.

घरी येऊन मी डायरी उघडली आणि चौदा तारखेचं पान पुन्हा वाचलं. त्यांना बिचाऱ्यांना काय कळतंय, असं तिथे माझ्या हाताने लिहिलेलं आहे. घरात चौतीस वर्षांचा अनुभव असलेला तपासनीस होता, त्याचा तापमापक होता, तक्ता होता. सगळ्यांत आधी बिघाड ओळखला तो ताईंनी, एका घासात. ते वाक्य खोडलं नाही. नोंद खोडायची नसते. शेजारी आजची तारीख टाकून सही तेवढी केली.

ही आत नवीन वर्षाचा पहिला केक ओव्हनमध्ये ठेवतेय. ठिपक्याच्या किंचित पुढे ठेवलंय बटण, ताईंसाठी. मी नेमका आकडा विचारला नाही.

खोलीचं तापमान घ्यायचं आज राहून गेलं.